तिसऱ्या गिअरवरचा हात

चष्मेवालीने गाडी घेतली तेव्हा कौतुक करायला घरात कुणी नव्हतं, आणि गाडी बिघडली तेव्हा बोल लावायलाही कुणी नव्हतं. निदान या दुसऱ्या गोष्टीचं तरी तिला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. "तरी मी सांगत होतो" म्हणणारं माणूस किती छळतं, हे ज्याच्या घरात ते असतं त्याला विचारा. पण ते नसलं की आपण स्वतःलाच तसं म्हणत बसतो, आणि मग गप्प बसवणारं कुणी नसतं.

बिघाड सांगायला सोपा होता. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये असताना चढ लागला की खटकन आवाज व्हायचा आणि गिअर आपोआप निसटायचा. इंजिन नुसतंच बोंबलायचं, गाडीचा जोर जायचा, आणि मागच्या गाड्या हॉर्न वाजवून तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या. पहिल्यांदा हे झालं ते उड्डाणपुलाच्या चढावर. तिला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. काहीही बिघडलं की आधी स्वतःकडे बोट दाखवायची तिची जुनी खोड होती.

अर्धं आयुष्य तिने एका चष्म्याच्या दुकानात काढलं होतं. डोळे तपासणारा डॉक्टर वेगळा. हिचं काम फ्रेममध्ये काचा बसवायचं, आणि मग तो चष्मा गिऱ्हाइकाच्या नाकाकानांवर नीट बसवायचं. काडी जराशी गरम करायची, वाकवायची, लावून बघायची, पुन्हा काढायची. त्यासाठी समोरच्या माणसाचा चेहरा दोन्ही हातांत धरल्यासारखा धरावा लागतो. दुकान बंद झालं, कारण मालकाच्या मुलाला चष्म्यांत रस नव्हता, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत तिच्या लक्षात आलं की दिवसभरात आपला दुसऱ्या माणसाला हात लागायचा तो एवढाच. आता तोही लागत नव्हता.

मग तिने डोकं चालवलं. दुकानात येऊ न शकणारी म्हातारी माणसं गावात थोडी नव्हती. कुणी जिने उतरू शकत नाही, कुणी अंथरुणाला खिळलेलं, कुणी वृद्धाश्रमात खिडकीशी बसलेलं, आणि सगळ्यांच्या नाकावर वाकडे चष्मे. आपणच त्यांच्या दारात गेलो तर? पण हत्यारांची आणि फ्रेमांची पेटी घेऊन बसमध्ये चढणं म्हणजे कसरतच. म्हणून ज्या वयात तिच्या मैत्रिणी गुडघ्यांना तेल चोळत होत्या त्या वयात ती गाडी चालवायला शिकली, आणि गाठीला होतं नव्हतं ते सगळं एका जुन्या गाडीत घातलं. मागे काही ठेवलं नाही. ही गाडी चालली तर तिचं पोट चालणार होतं, आणि आठवड्यातून चार माणसांचे चेहरे हातात येणार होते. नाही चालली तर चार भिंती होत्याच.

पेटी ती शेजारच्या सीटवर ठेवायची. पेटी जड, त्यामुळे गाडीला ते माणूस वाटायचं आणि पट्टा लावा म्हणून ती टिंव टिंव करत राहायची. मग चष्मेवाली पेटीला पट्टा लावायची. गाडीची ही समजूत तिने कधी दूर केली नाही.

गाडी विकणाऱ्याला त्याच्या माघारी सगळे गोडबोल्या म्हणायचे, आणि नाव ठेवणाऱ्याने काही चूक केली नव्हती. विकताना म्हणाला होता, "गाडी नाही ताई, सोनं आहे सोनं. म्हातारं जोडपं होतं. काकू चालवायच्या, त्याही मुंगीच्या पावलांनी. काकू गेल्या म्हणून विकायला काढली, नाहीतर असली गाडी बाहेर येते कुठे?" ती गिअरची तक्रार घेऊन गेली तेव्हाही तोंडात साखर तशीच. गाडी ठेवून घेतली, आठवडाभराने परत दिली. गाडी धुतलेली होती, आत कसलासा सुगंध मारलेला होता, आणि गिअर जसाच्या तसा निसटत होता.

दुसऱ्यांदा गेली तेव्हा साखर विरघळली.

"गिअरवर हात ठेवून चालवता का?" त्याने विचारलं.

"नाही."

"नवशिके ठेवतात. हात ठेवून ठेवून आतला भाग झिजतो, मग गिअर राहत नाही. तुम्ही आत्ताच शिकलात ना?" आणि मग पावती तिच्याकडे फिरवून म्हणाला, "हे बघा, काय लिहिलंय? 'आहे त्या स्थितीत विकली.' तुमची सही आहे. मी विकली तेव्हा ठणठणीत होती. आता मी काय करू?" असं म्हणून त्याने काखा वर केल्या.

ती घरी आली आणि जेवली नाही. रडलीही नाही. कुणी बघायला नसलं की रडण्यातही राम राहत नाही. दुसऱ्या दिवशी मात्र तिला राग आला, स्वतःचा नव्हे, त्याचा, आणि बऱ्याच वर्षांनी राग असा योग्य पत्त्यावर गेल्यामुळे तिला जरा हुशारी वाटली. त्या हुशारीतच ती ग्राहक तक्रार केंद्राचा जिना चढली.

तिथल्या सल्लागार बाई म्हणजे तिखट बाई. पावती बघून त्यांनी नाक मुरडलं.

"हे असलं लिहून कुणी सुटत नाही हो. दुकान थाटून विकतो ना तो? मग विकलेली वस्तू विकताना धड असायलाच हवी. जुनी म्हणजे मोडकी नव्हे. दुरुस्तीची संधी द्यायची असते, तीही तुम्ही दिलीत. आता गाडी परत करून पैसे मागायचा तुमचा हक्क आहे."

"मग झालं तर!"

"कुठलं झालं? तो म्हणणार, बिघाड तुमच्या हातून झाला. तुमचं लायसन्स कोरं करकरीत. बिघाड विकण्याआधीपासून होता, हे दाखवायला हवं. आधी कोण चालवत होतं?"

"ती बाई वारली."

"पण तिच्या शेजारी कुणीतरी बसत असेलच की!" सल्लागार बाई सहज म्हणाल्या. जणू प्रत्येकाच्या शेजारी कुणीतरी बसतंच.

गाडीच्या कागदांवर जुन्या मालकिणीचा पत्ता होता. दार उघडलं ते एका उंच, वाकलेल्या म्हाताऱ्याने. तळहात रुंद, मनगटांवर भाजल्याचे जुने डाग. जन्मभर बेकरीत भट्टीवर काम केलेला माणूस. गल्लीत त्याला भट्टीवाले काका म्हणत. चष्मेवालीची नजर मात्र आधी गेली ती त्याच्या नाकावर. चष्मा एका बाजूने इतका खाली कललेला की म्हातारा जगाकडे एकाच काचेतून बघत होता.

"गाडीत खोट?" काका दारातच उखडले. "शक्य नाही. आमची ही घरातल्या घड्याळालासुद्धा मिनिटभर मागे पडू द्यायची नाही. तिच्या गाडीत खोट असेल? कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगितलं नाही काका, मी रोज चालवते."

"मग तुमच्या चालवण्यात असेल."

दुसरं कुणी असतं तर ती उलट्या पावली फिरली असती. पण तो चष्मा तिला बघवेना. "काका," ती म्हणाली, "भांडण नंतर करू. आधी तो चष्मा द्या इकडे."

त्यांनी दिला. का दिला, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. तिने पेटी उघडली, काडी गरम केली, वाकवली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर दोन्ही हातांनी चष्मा बसवला. कानामागे बोट फिरवून बघितलं. म्हातारा लहान मुलासारखा मान पुढे करून उभा राहिला.

"हीच करायची हे," काका म्हणाले. "दर महिन्याला. मी झोपेत चष्मा चिरडायचो आणि ती बडबड करत सरळ करायची. ती गेल्यापासून..." पुढचं त्यांनी सांगितलं नाही, आणि सांगायची गरजही नव्हती. घरात दुसरी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली होती, आणि ओट्यावर एकच कप पालथा होता. चष्मेवालीला हे घर अनोळखी वाटलं नाही. तिच्याही ओट्यावर एकच कप असायचा.

"माझ्याबरोबर गाडीत बसता का?" तिने विचारलं. "तलावाच्या चढापर्यंत. तुम्हीच बघा, मग म्हणा माझ्या चालवण्यात आहे."

काका कधीच गाडी चालवायला शिकले नव्हते. त्यांचा एक डोळा जन्मापासून अधू, त्यामुळे लायसन्स मिळण्यासारखं नव्हतंच. शेजारची सीट मात्र त्यांना आंधळेपणानेही सापडली असती. चष्मेवालीने पेटी मागे टाकली. काका बसले, न बघता हात खाली घालून सीट मागे सरकवली, पाय लांब केले, आणि डोळे मिटून घेतले. गाडीत अजून गोडबोल्याचा सुगंध होता. "हा वास आमचा नव्हे," काका एवढंच बोलले.

तलावाच्या रस्त्याला चढ लागला. तिसरा गिअर. खटकन आवाज झाला, इंजिन बोंबललं, गाडी अडखळली.

काका दचकले. "हे काय झालं?"

"हेच ते, काका."

"हे असं हिच्या वेळी कधी झालं नाही. एकदाही नाही. दर रविवारी याच चढावरून तलावावर जायचो आम्ही. शपथेवर सांगतो." ते चिडले होते, आणि चिडलेले असल्यामुळेच पुढचं बोलून गेले. "उलट हाच चढ तर आमचा... ताई, आमची ही काही लाडाकोडाची बाई नव्हती. संसारात तिने मला कधी दोन गोड शब्द ऐकवले नाहीत, आणि मीही ते मागितले नाहीत. पण हा चढ लागला ना, की तिचा हात या दांड्यावर येऊन राहायचा. इथे. उगाचच. आणि मी माझा हात त्यावर ठेवायचो. ती काढून घ्यायची नाही. वर पोचेपर्यंत हात तसाच. एकदासुद्धा काढून घेतला नाही. मग सपाटी लागली की हात जायचा. आम्ही दोघांनी याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. पण रविवारची मी वाट बघायचो, ती तलावासाठी थोडीच!"

चष्मेवालीने गिअर पुन्हा टाकला. गाडी न चालवणाऱ्या माणसाला जे कळलं नाही ते तिला त्याच क्षणी कळलं होतं. चढावर तिसरा गिअर निसटतो. निसटू नये म्हणून ती बाई दांडा हाताने दाबून धरत होती. एवढंच. हात काढला असता तर गिअर निसटला असता, म्हणून तिने हात काढला नाही.

तलाव आला, दोघं खाली उतरली, पाण्याकडे बघून परत बसली.

सल्लागार बाईंना तिने हे सांगितलं, आणि सांगून लगेच पस्तावली, कारण बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्याच. "अहो, मग आणखी काय हवं? खटला खिशात आहे तुमच्या! आणा त्यांना. नुसतं एवढंच बोलू देत, की बायको चढावर गिअर धरून बसायची. बाकी मी बघते."

"पण त्यांना माहीत नाही, ती का धरायची ते."

"मग तिथे कळेल."

"तेच," चष्मेवाली म्हणाली.

सल्लागार बाईंना ते कळलं, नाही असं नाही. त्या वाईट नव्हत्या. पण त्यांच्याकडे रोज अशी दहा माणसं रडत यायची. "बघा बुवा," त्या खाली बसत म्हणाल्या. "एकीकडे तुमचं पोट, दुसरीकडे त्यांची आठवण. माझं काम पोटाचं आहे."

पुढच्या रविवारी चष्मेवाली पुन्हा काकांच्या दारात गेली. चष्मा नीट बसलाय का बघायला, असं तिने सांगितलं. खरं म्हणजे ती त्यांना सगळं सांगून टाकायला गेली होती. आठवडाभर वाक्यं जुळवली होती. गाडीत बसेपर्यंत ती वाक्यं जिभेवर होती, चढ लागेपर्यंतही होती. चढावर तिने सहज, गाडी थांबू नये म्हणून, दांड्यावर हात ठेवला आणि दाबून धरला. गिअर निसटला नाही. गाडी सरळ वर चढत गेली.

काका खिडकीबाहेर बघत होते. मग त्यांनी मान वळवली आणि तिच्या हाताकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. सवयीने असेल, त्यांचा हात गुडघ्यावरून उठला, मधल्या जागेपर्यंत आला, आणि तिथेच थांबला. मग परत गुडघ्यावर गेला.

चष्मेवालीला वाटलं, संकोच वाटला असेल. तिला दुसरंही काही वाटलं, आणि ते तिने स्वतःपासून लपवलं नाही. तो हात खाली आला असता तर तिला आवडलं असतं. म्हातारा तिला बापाच्या जागी होता, त्यात वावगं काही नव्हतं. पण तिच्या हातावर कुणाचा हात पडून इतका काळ लोटला होता की त्याचं वजन कसं असतं हेही तिला नीट आठवेना. आणि ज्या गोष्टीची आपल्याला इतकी भूक आहे, तीच गोष्ट या माणसाकडून काढून घ्यायची? जुळवलेली सगळी वाक्यं तिने गिळून टाकली. त्या दिवशी काका फारच गप्प होते. दारात उतरताना त्यांनी एवढंच विचारलं, "तुमच्या तक्रारीचं काय झालं?"

"बुधवारी सुनावणी आहे. तुम्ही काळजी करू नका, त्यात तुमचं काही नाही."

सल्लागार बाईंना तिने साक्षीदार नाही म्हणून कळवलं. त्यांनी डोक्याला हात लावला.

सुनावणीची खोली म्हणजे एक लांबट टेबल, वर एक कुरकुरणारा पंखा, आणि सुनावणी घेणारे साहेब, ज्यांना सकाळपासून फ्रिज आणि गाद्यांच्या तक्रारी ऐकून जांभया येत होत्या. गोडबोल्या इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. केंद्राने नेमलेल्या मेकॅनिकने सांगितलं की गाडी तपासली, गिअरबॉक्सच्या आतला भाग झिजलाय, पण कधीपासून ते नुसतं बघून सांगता येत नाही.

"साहेब, मी सांगतो ना कधीपासून," गोडबोल्या म्हणाला. "बाई नवशिक्या आहेत. गिअरवर हात ठेवून चालवत असणार. जुन्या मालकीणबाईंच्या वेळी गाडी ठणठणीत होती. विचारा कुणालाही!"

"तुमचं काय म्हणणं आहे?" साहेबांनी चष्मेवालीला विचारलं.

"गाडी घेतल्यापासून गिअर असाच आहे," ती म्हणाली.

"पुरावा?"

ती गप्प बसली. चष्मेवालीला आपलं सगळं त्या गाडीबरोबर चाललेलं स्पष्ट दिसत होतं: वृद्धाश्रमाच्या खिडक्या, पेटी, सकाळी घराबाहेर पडायचं कारण. तरी ती गप्प बसली.

"मला विचारा," मागून आवाज आला.

दारात भट्टीवाले काका उभे होते. केस ओले करून बसवलेले, बटणं गळ्यापर्यंत लावलेली, चष्मा सरळ. "मला कुणी बोलावलं नाही," ते म्हणाले, "पण गाडी आमची होती."

साहेबांनी त्यांना खुर्ची दिली. ते बसले नाहीत.

"आमची ही चढावर गिअर हाताने धरून ठेवायची. पहिल्यापासून नाही, पण कित्येक वर्षं. मी शेजारी बसायचो. दर रविवारी बघायचो, पण दिसलं मात्र परवा. या ताईंनी परवा हात धरून ठेवला तर गिअर राहिला. त्याआधी एकदा धरला नव्हता, तर सुटला होता. म्हणजे गिअर तेव्हाही सुटत असणार. म्हणून ही धरायची." त्यांचा आवाज एकदाही हलला नाही. चष्मेवाली टेबलाच्या कडेकडे बघत राहिली.

गोडबोल्या गडबडला, पण हार मानणारा नव्हता. "बघा साहेब! मी तेच म्हणतो. हात ठेवून ठेवूनच झिजतो तो. म्हणजे दोष चालवणाऱ्याचा झाला ना!"

साहेबांनी मेकॅनिककडे बघितलं. मेकॅनिक म्हणाला, "हात ठेवल्याने झिजतो, हे खरंय. पण असा झिजायला वर्षं लागतात. यांनी गाडी घेतली आत्ता. एवढ्यात होणार नाही."

"म्हणजे तुम्ही विकलीत तेव्हा झिजलेलाच होता," साहेब गोडबोल्याला म्हणाले, आणि त्यांची जांभई पळून गेली. निकाल तिथेच झाला. गाडी परत, पैसे परत. गोडबोल्याने हात झटकून बघितले, पण आता झटकायला काही उरलं नव्हतं.

बाहेर जिन्याजवळच्या बाकावर काका बसले होते. चष्मेवाली त्यांच्या शेजारी बसली. जिंकल्याचा आनंद तिला शोधूनही सापडत नव्हता.

"काका, तुम्हाला यायला नको होतं."

"तुम्हाला ठाऊक होतं. पहिल्याच दिवशी."

"हो."

"आणि बोलला नाहीत."

"नाही."

काका खाली बघत बसले. मग म्हणाले, "तो मेकॅनिक म्हणाला ते खरं का? नुसता हात ठेवूनही गिअर झिजतो?"

"खरं आहे. तो गाडीवालाही मला तेच सांगत होता."

"म्हणजे असंही असेल, की गिअर आधी चांगलाच होता. ही हात ठेवत गेली, माझा हात वर. दोघांचं वजन. आणि त्यानेच तो झिजला." त्यांनी तिच्याकडे बघितलं. दोन्ही काचांतून. "मग आधी काय, ताई? हात की बिघाड?"

चष्मेवालीला 'हात' म्हणणं अगदी सोपं होतं. तोंडावर आलंही होतं. पण त्यांनी आत जाऊन तिच्यासाठी खरं सांगितलं होतं.

"ते आता कुणालाच सांगता येणार नाही, काका."

काकांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले.

गाडी परत करायला निघाली तेव्हा काका बरोबर आले. न विचारताच आले, आणि तिने का म्हणून विचारलं नाही. पेटी आता घरी होती. गोडबोल्याच्या वाटेवर तोच उड्डाणपूल होता. चढ लागला, तिने तिसरा गिअर टाकला आणि दांड्यावर हात ठेवला.

"काढा," काका म्हणाले. "मला धरू द्या."

तिने हात काढला. काकांनी भट्टीवर भाजलेला आपला रुंद पंजा दांड्यावर ठेवला, आणि दांडा उसळला तसा घट्ट दाबून धरला. मनगटाची शीर वर आली.

"केवढी ओढ आहे ही!" ते म्हणाले. "एवढा जोर लावायची? माझा हात वर असताना?" चष्मा पुसायला दुसरा हात उठला, पण तोही त्यांनी दांड्यावरच आणला.

चष्मेवालीचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. पूल संपला, चढ संपला, रस्ता सपाट झाला. आता चौथा गिअर टाकायला हवा होता. दांडा धरायची गरज उरली नव्हती. पण काकांना गाडी चालवता येत नव्हती. सोडायचं कधी, हे त्यांना कुणी सांगितल्याशिवाय कळणार नव्हतं.

तिने सांगितलं नाही. इंजिन ओरडत होतं, मागचे हॉर्न वाजवत होते. गोडबोल्याच्या फाटकापर्यंत तिने गाडी तिसऱ्यातच नेली.